‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

आईला किंवा वडिलांना गंभीर कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिले पंधरा दिवस फोन थांबत नाहीत. जो तो म्हणतो, ‘काही लागलं तर सांग.’ म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ज्याच्या एका हातात रिपोर्टची फाईल आणि दुसऱ्या हातात औषधांची चिठ्ठी आहे, त्याला काय लागेल याचा विचार करायलाही उसंत नसते. तो ‘हो, सांगतो’ म्हणून फोन ठेवतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात खरी दमछाक सुरू होते, तोवर फोन यायचे बंद झालेले असतात. लोकांनी पाठ फिरवलेली नसते, त्यांच्या हाती काम दिलेलं नसतं एवढंच.

म्हणून मदत मागण्याआधी काम ठरवावं लागतं: कोणतं, कधी, किती वेळाचं आणि कोणाला झेपेल असं. त्याविषयीच लिहितोय.

पण त्याहीआधी आजारी माणसाशी बोला. आजाराचं नाव कोणाकोणाला सांगायचं, स्टेज आणि उपचारांचा तपशील किती सांगायचा, फोटो कुठे टाकलेला चालेल का, हे विचारून घ्या. आणखी एक प्रश्न बहुतेक घरांत विचारायचाच राहतो: अंघोळ, कपडे बदलणं, शौचाला नेणं यासाठी कोणाचा हात चालेल आणि कोणाचा नाही? अंगात त्राण आहे तोवर हे बोलणं अवघड वाटतं, पण अंथरुणाला खिळल्यावर ते विचारणं दोघांनाही जास्त जड जातं.

काही घरांत आजारी माणसालाच निदान सांगितलेलं नसतं. चाळीस जणांकडे मदत मागायची आणि वडिलांना मात्र कळू द्यायचं नाही, हे जमत नाही. भेटायला आलेल्याच्या चेहऱ्यावरून, कुणाच्या तोंडून निसटलेल्या एका शब्दावरून त्यांना समजतंच, आणि मग त्याविषयी ज्यांच्याशी बोलायचं त्यांनीच लपवलेलं असल्यामुळे ते एकटे पडतात. माझ्या मते, गोतावळ्याला सांगण्याआधी डॉक्टरांच्या समोर त्यांना सरळ विचारावं, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ काही जण म्हणतात, ‘मला नको सांगू, तुम्ही बघा.’ तेही उत्तर मान्य करावं. पण ते त्यांचं असावं, आपण त्यांच्या वतीने गृहीत धरलेलं नसावं.

पुढचं पाऊल म्हणजे समन्वयासाठी माणूस नेमणं. जो रात्रंदिवस सेवा करतो त्याच्यावर हे काम टाकू नका. नात्यातलं, शेजारचं, मित्रांपैकी, कोणीही चालेल, फक्त फोन उचलणारं आणि ‘नाही’ ऐकून रुसणारं नसावं. दूर राहणाऱ्या भावंडासाठी हे काम फार योग्य. प्रत्यक्ष येता येत नाही म्हणून ते आतून कुढत असतं, आणि वेळापत्रक लावणं, विम्याच्या कागदांचा पाठपुरावा, बिलं भरणं, औषधं संपत आली का ते विचारणं ही सगळी फोनवरची कामं आहेत. कोणतंही औषध पाच दिवसांपुरतं उरलं की नवीन मागवायचं, असा नियम त्याने लावून घ्यावा. वेदनाशामक आणि उलटीचं औषध शनिवारी रात्री संपलं तर सोमवारपर्यंत थांबता येत नाही.

ग्रुप दोन करा. एकात फक्त समन्वयक लिहील, बाकीचे वाचतील. दुसऱ्यात ज्यांनी कामं घेतली आहेत तेवढेच. सगळ्यांचा एकच ग्रुप असला की ‘आज प्लेटलेट लागतील’ हा निरोप पन्नास नमस्कारांखाली गाडला जातो. बातमी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, चार ओळींत: काय झालं, कसं वाटतंय, पुढे काय, काय हवंय. असं केलं की ‘आता कसं आहे?’ विचारणारे निम्मे फोन आपोआप थांबतात.

आता वेळापत्रक. मदतीचा सगळा डोलारा यावर उभा राहतो, आणि बहुतेक घरं इथेच चुकतात. केमोथेरपी फेऱ्यांनी दिली जाते, बऱ्याच वेळा २१ दिवसांची एक फेरी असते. प्रत्येक औषधाचा क्रम वेगळा, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांकडून किंवा केमोच्या परिचारिकेकडून तो समजून घ्या. पण साधारण चित्र असं असतं. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस माणूस बरा दिसतो, कधी कधी तर जास्तच तरतरीत, फक्त रात्री झोप येत नाही. ते औषध थांबलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अंगातलं त्राण जातं. भेटायला येणारे पहिल्या दिवशी येऊन ‘छान आहेत की!’ म्हणून जातात, आणि जेव्हा उठून पाणी घेण्याचीही ताकद नसते तेव्हा घरात कोणी नसतं. त्यापुढे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी, विशेषतः जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल, सर्वांत खाली जातात. हे जंतुसंसर्गाच्या धोक्याचे दिवस. तिसऱ्या आठवड्यात पेशी पुन्हा वाढतात, तोंडाची चव थोडी परत येते. भेटीगाठी याच आठवड्यात ठेवाव्यात.

हे कॅलेंडरवर तीन रंगांत मांडा आणि मदत करणाऱ्यांना पाठवा. तिसरा ते पाचवा दिवस सोबतीचा: घरात सतत एक जण, जेवण बाहेरून, धुणंभांडी दुसऱ्याकडे. सातवा ते चौदावा कामं दारापर्यंत आणून देण्याचा. त्यानंतर गप्पा, फेरफटका, नातवंडं. पहिल्या दोन फेऱ्यांत नोंदी ठेवल्यात तर तिसऱ्या फेरीपर्यंत तुमच्या माणसाचा क्रम बराचसा नेमका कळतो, मग रंग त्याप्रमाणे सरकवा.

निरोप कसा लिहायचा? ‘आईची तब्येत बरी नाही, जमेल तशी मदत करा’ यातून कोणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी:

‘आईच्या केमोची तिसरी फेरी सोमवारी आहे. सकाळी आठला घरून न्यायचं, दुपारी चारच्या सुमारास परत आणायचं. गाडी लागेल आणि सोबत बसायला एक माणूस. दोघांची नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत हवी आहेत. जमणार नसेल तर नुसतं “नाही” लिहिलंत तरी चालेल.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नकारापेक्षा गप्प राहणाऱ्यांमुळे जास्त खोळंबा होतो. प्रत्येक कामाला एक राखीव नावही लिहून ठेवा, कारण ज्याची पाळी आहे त्यालाच त्या दिवशी सर्दी होणार हे धरून चाला. आणि पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कामाला जुंपू नका. जे उत्साहाने पुढे येतात त्यांच्यातल्या निम्म्यांना सांगा, ‘तुझी गरज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लागेल, तारीख आत्ताच लिहून घेऊ.’

काही माणसं आजाऱ्याजवळ बसायला घाबरतात. त्यांना कमी लेखू नये. रांगेत उभं राहणं, रिपोर्ट आणणं, कपडे धुऊन इस्त्री करून देणं, मुलांना शाळेतून आणणं, तास-दीड तासाची अशी कामं त्यांच्याकडे द्यावीत.

जो केमोच्या दिवशी सोबत जाईल त्याच्याकडे फाईल, चालू औषधांची यादी, एक हलकं पांघरूण आणि उलटीसाठी पिशव्या असाव्यात. रिॲक्शन येऊ नये म्हणून आधी दिल्या जाणाऱ्या औषधांनी बऱ्याचदा गुंगी येते, त्यामुळे परत येताना पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही. नंतरचे ४८ तास लघवी, शौच, उलटी यांतून औषधाचे अंश बाहेर पडतात. त्या काळात सफाई करणाऱ्याने हातमोजे घालावेत, माखलेले कपडे वेगळे धुवावेत, कमोडचं झाकण लावून दोनदा पाणी सोडावं. गरोदर असलेल्या मदतनिसाला हे काम देऊ नये. हे न सांगता कोणालाही सफाईला लावणं मला चुकीचं वाटतं. मदत करायला आलेल्या माणसाचीही काळजी आपल्याकडेच असते.

भेटायला येणाऱ्यांसाठी नियम दारावरच लिहून लावा, म्हणजे घरच्यांना वाईटपणा घ्यावा लागत नाही. सर्दी, खोकला, ताप, जुलाब असतील किंवा घरात कोणाला कांजिण्या असतील तर येऊ नये. आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. दोघांपेक्षा जास्त नकोत, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. पांढऱ्या पेशी कमी असताना लालसरपणा, पू अशी संसर्गाची नेहमीची लक्षणं दिसतीलच असं नाही, कधी फक्त ताप हीच खूण असते. म्हणून ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप भरला तर मध्यरात्रही असो, केमो चालू असलेल्या हॉस्पिटलला फोन करून लगेच निघायचं. ताप उतरायची गोळी देऊन सकाळची वाट पाहणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अशा रुग्णाला पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा प्रयत्न असतो.

जेवणाबद्दल थोडक्यात. थोडं, ताजं, कमी वासाचं. फोडणीच्या आणि तळणाच्या वासाने मळमळ वाढते, म्हणून स्वयंपाक दुसऱ्या घरात होऊन येणं हीच मोठी मदत आहे. तोंड आलं असेल तर तिखट-आंबट नको. धातूची चव लागत असेल तर प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा वापरून पाहा. डब्यावर तारीख लिहा, आणि एका दिवशी तीन घरांतून जेवण येणार नाही एवढं समन्वयकाने बघावं.

रक्त आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) मात्र घाईघाईत मागून चालत नाहीत, विशेषतः रक्ताच्या कॅन्सरमध्ये. तांबड्या पेशी थंड ठिकाणी साधारण ४२ दिवसांपर्यंत टिकवता येतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारण ५ दिवसांत वापराव्या लागतात. दिलेल्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरातही थोडेच दिवस पुरतात, त्यामुळे काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी गरज पडू शकते. म्हणजे एका दिवशी तीस जणांना रक्तपेढीत पाठवून उपयोग नाही. आठ-दहा दात्यांची साखळी लागते, प्रत्येक तारखेला एक आणि त्याच्यामागे एक राखीव. मशीनवर प्लेटलेट देण्यासाठी दीड ते दोन तास जातात, शिरा चांगल्या असाव्या लागतात, आणि आधीच्या दोन-तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. हे फोनवरच विचारून घ्या, नाहीतर माणूस रजा काढून येतो आणि परत जातो.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. भावंडं, मुलं अशा जवळच्या नातेवाइकांचं रक्त ‘घरचं म्हणून चांगलं’ असं नसतं. त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तग धरतात आणि रुग्णाच्याच पेशींवर हल्ला करू शकतात. हा प्रकार विरळा, पण बहुतेक वेळा जीवघेणा असतो. म्हणून असं रक्त आधी इरॅडिएट करावं लागतं, म्हणजे किरणांनी त्यातल्या या पेशी निष्क्रिय कराव्या लागतात. शिवाय पुढे नात्यातल्या दात्याकडून बोन मॅरो ट्रान्सप्लांट होण्याची शक्यता असेल तर नातेवाइकांचं रक्त आधी न दिलेलंच बरं, कारण त्यांच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. मुलगा रक्त द्यायला उतावीळ असतो हे समजू शकतं, तरी आधी डॉक्टरांना विचारा.

रक्ताच्या निरोपात तारीख, वेळ, रक्तगट, काय हवं (पूर्ण रक्त की प्लेटलेट) आणि एकच फोन नंबर लिहा. गरज भागली की ‘आता नको’ असा निरोपही तितक्याच तत्परतेने पाठवा. बिनतारखेचे निरोप वर्षानुवर्षं फिरत राहतात, आणि त्यामुळे लोकांचा नव्या निरोपांवरचाही विश्वास उडतो.

पैसे मागणं लोकांना सर्वांत जड जातं. त्यासाठी हॉस्पिटलकडून लेखी अंदाजपत्रक घ्या: किती फेऱ्या, कोणती औषधं, कोणत्या तपासण्या. त्यात नसलेला खर्च वेगळा मांडा, म्हणजे प्रवास, राहणं, सेविकेचा पगार आणि सेवा करणाऱ्याची बुडालेली कमाई. संपूर्ण उपचाराचा एकच मोठा आकडा मागण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांचा मागावा असं मला वाटतं. साधारण दोन ते चार फेऱ्यांनंतर स्कॅन करून औषध लागू पडतंय का ते बघतात, आणि तिथे योजना बदलू शकते. त्यासोबत आकडाही बदलतो. मदतीची रक्कम शक्यतो थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ द्या, नाहीतर वेगळं खातं ठेवा, आणि दर महिन्याला जमा-खर्च दात्यांना कळवा. रक्कम उरली तर तिचं काय करणार हे आधीच लिहा. रिपोर्टचा फोटो टाकण्याआधी रुग्ण क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता झाका, कारण असे फोटो उचलून खोटी आवाहनं करणारे असतात. आणि कोणाकडेही हात पसरण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. कोणत्या योजनेत, कोणत्या निधीत आपण बसतो हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. काही योजनांना उपचार सुरू होण्याआधी अर्ज लागतो, तेव्हा उशीर नको.

मदतीसोबत सल्लेही येतात. अमुक मुळी, तमुक रस, कोणाला तरी त्याने उतार पडला म्हणे. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, त्याला तोडून टाकू नये. पण एवढं सांगावं, ‘डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आम्ही काहीही देत नाही.’ याला ठोस कारण आहे. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इमॅटिनिब, इरिनोटेकॅन अशा कॅन्सरच्या औषधांची रक्तातली पातळी घटते, तर ग्रेपफ्रूटच्या रसाने काही औषधांची पातळी वाढून विषारी परिणाम होऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे गृहीतक इथे टिकत नाही. सल्ल्यांची यादी समन्वयकाने करावी आणि पुढच्या भेटीत एकदमच विचारावी.

रात्रीच्या सोबतीसाठी येणाऱ्याला एक वही लागते. त्यात वेळ, दिलेलं औषध, वेदना शून्य ते दहापैकी किती, ताप, पाणी किती प्यायलं, शौचाला शेवटचं कधी झालं, हे प्रत्येकाने लिहायचं. तोंडी निरोपावर चाललं की एक डोस दोनदा जातो किंवा दोघांनाही वाटतं दुसऱ्याने दिला. मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाबद्दल सोबत करणाऱ्यांच्या मनात भीती असते, ती आधीच दूर करा. ते वेदना वाढण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, बारा तासांची जी दीर्घकाळ चालणारी गोळी असते ती तोडायची किंवा कुटायची नाही, कारण सगळा डोस एकदम अंगात उतरतो. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्या. सुरुवातीची मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ वाटत असेल, तर लगेच फोन करायचा.

वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा, कशासाठी थांबायचं नाही: वर सांगितलेला ताप, न थांबणारा रक्तस्राव, अचानक वाढलेली धाप, चेहऱ्यावर-मानेवर सूज, नव्याने आलेला गोंधळ, आणि पाठीत नवीन तीव्र दुखणं, पायांतली शक्ती जाणं किंवा लघवी अडकणं. शेवटची लक्षणं मज्जारज्जूवर दाब आल्याची असू शकतात. त्यात काही तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात, आणि नवख्या सोबत्याला ते नुसतं ‘पाठ धरलीय’ वाटतं. हाडांत कॅन्सर पसरला असेल तर दंडाला धरून ओढून उठवायचं नाही, हाड मोडू शकतं. कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. परिचारिकेकडून हे दोघा-तिघांनी एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी उपशामक सेवा, हा शब्द उच्चारला की घरात शांतता पसरते. ‘म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?’ तसं नाही. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं सेवाकेंद्र, सुरू केलं तेव्हापासून या शाखेचा आग्रह हाच आहे की दुखणं शरीरासोबत मनाचं, नात्यांचं आणि पैशाच्या काळजीचंही असतं, आणि त्या सगळ्यावर एकत्रच काम करावं लागतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं, आणि मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) इतरांच्या ८.९ महिन्यांच्या तुलनेत ११.६ महिने भरलं. तेव्हा निदान झालं त्याच आठवड्यात या विभागाची भेट मागा. घरी येणारी परिचारिका, रात्री उचलला जाणारा फोन, वापरायला दिलेलं सामान, यातलं बरंचसं त्यांच्याकडून मिळू शकतं.

सेवा करणाऱ्याची सुट्टी वेळापत्रकात लिहा, ‘जमलं तर’ म्हणून ठेवू नका. आठवड्यातून एकदा सलग चार तास, घराबाहेर. शेजारच्या खोलीत झोपणं सुट्टीत मोजायचं नाही, कारण प्रत्येक खोकल्याला जाग येते. यासाठी दोन माणसं पूर्ण तयार लागतात, वही, औषधं, कूस बदलणं सगळं येणारी. सुट्टी घ्यायला ती व्यक्ती नको म्हणेल. तरी समन्वयकाने पाळी लावावीच.

उपचार थांबवून घरीच राहायचं ठरलं तर मदतीचा गट लहान करा. कोणाला आत सोडायचं हे आजारी माणूस सांगेल. सोबत करणाऱ्या प्रत्येकाला तो निर्णय आणि रात्री फोन करायचा नंबर माहीत हवा, नाहीतर घाबरून कोणीतरी अॅम्ब्युलन्स बोलावतं आणि जे टाळायचं होतं तेच अतिदक्षता विभागात सुरू होतं. शेवटच्या दिवसांत भूक-तहान मंदावते. तेव्हा जबरदस्तीने भरवू नये, ओठ आणि तोंड ओलसर ठेवावं. घशातून घरघर येते ती ऐकणाऱ्यालाच जास्त त्रास देते. कुशीवर वळवल्याने ती बऱ्याचदा कमी होते.

माणूस गेल्यावरही समन्वयकाची कामं उरतात. उरलेलं मॉर्फिन मोजून, वहीत लिहून, जिथून आलं तिथे परत द्यायचं, घरात राहू द्यायचं नाही. पलंग, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र परत पाठवायचं. दात्यांना शेवटचा हिशेब कळवायचा. आणि यादीतली चार नावं निवडून त्यांच्यापुढे तारखा लिहायच्या, पहिला महिना, तिसरा, सहावा आणि वर्ष, त्या दिवशी घरी मागे राहिलेल्या आईला किंवा वडिलांना फोन करण्यासाठी.